समोरासमोरच्या खिडक्या

चारुता इस्पितळातली बारा तासांची रात्रपाळी करून आखातातल्या महबूला भागात नवव्या मजल्यावरच्या घरी आली, तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. संध्याकाळी पुन्हा ड्यूटी. मधल्या वेळात सहा तास झोप, एवढीच तिची या जगाकडे मागणी होती.

सासरे सदानंदराव, म्हणजे चिपळूणहून दोन महिन्यांसाठी आलेले निवृत्त ओव्हरसियर, स्टुलावर उभे राहून खिडकीच्या फटींना धूळ येऊ नये म्हणून लावलेली टेप सोलत होते.

"बाबा, ती टेप लावायला मला दोन दिवस लागले होते."

"म्हणूनच निघता निघत नाहीये. अगं, वारा एका खिडकीतून आत, समोरच्या खिडकीतून बाहेर, त्याला घर म्हणायचं. ही पेटी झाली. तू झोप निवांत."

ती झोपली. आधी समुद्राकडची खिडकी उघडली, मग स्वयंपाकघरातली, आणि बेडरूमचं दार असं आपटलं की ती उठूनच बसली. झोप जमा: वीस मिनिटं.

सासऱ्यांनी त्या दाराला तांदळाची पिशवी लावली. मग बाथरूमचं आपटलं, त्याला कुकर लावला. सगळी दारं अडवल्यावर वाऱ्याला अडवणारं काही उरलं नाही. कॅलेंडर भिंतीवरून उतरलं, मागोमाग बारीक वाळू आली. सदानंदराव केर काढू लागले, खिडक्या उघड्या ठेवूनच. एकूण जमा: पन्नास मिनिटं.

तिनं नवऱ्याला फोन केला. अभिनव त्याच्या बँकेत, कधीच न उघडणाऱ्या काचेआड बसला होता.

"अ‍ॅडजस्ट कर ना. जन्मभर वाऱ्यात राहिलेला माणूस आहे. आईला विचार हवं तर."

तिनं विचारलं. "आई, बाबांना तिकडेही सगळ्या खिडक्या उघड्याच लागतात का हो?"

"कोणाला?" चिपळुणातून रेखाताईंनी उलट विचारलं. "अगो, सहा वर्षं मला एक खिडकी उघडू दिलेली नाही. माकडं येतात म्हणे. ते तिकडे गेले आणि घरात वारा आला. त्यांचा व्हिसा वाढतो का गो?"

चारुता हॉलमध्ये गेली. "बाबा, खिडक्या लावून घेऊ या. माकडं येतात."

सदानंदरावांनी खाली पाहिलं. समुद्र, उन्हात उभ्या गाड्या, झाड औषधालाही नाही. मग सुनेच्या हातातल्या फोनकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही खिडक्या लावल्या. टेपसुद्धा चिकटवली, चिकटेल तितकी.

ती आडवी झाली. सगळं शांत झालं, पण डोळा काही लागेना. कोंडल्यासारखं वाटायला लागलं. अर्ध्या तासानं ती उठली, बेडरूमच्या खिडकीची टेप नखानं हळूहळू सोलली आणि काच चार बोटं सरकवली.

हॉलमधून खाकरल्याचा आवाज आला.

"सूनबाई, माकडं."