केतकी सशिणीची बारमाही हिरवळ

एका जंगलात एका सशिणीचा तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता.

नाही मुलांनो, वाघामुळे नाही. वाघ होता त्या जंगलात, पण त्याची काळजी सशांच्या अंगवळणी पडली होती. ही काळजी नवी होती. सशिणीच्या दारातली हिरवळ टोकांना पिवळी पडायला लागली होती.

सशिणीचं नाव केतकी. तिला एकच पिल्लू, कणू. कणू अजून लहान होता. पण जंगलातल्या इतर आयांच्या मते तसा उशीरच झाला होता.

कशाला उशीर? शाळेला.

नदीकाठी बागडा बालविहार नावाची शाळा होती. तिथे पिल्लांना हिरवळीवर बागडायला शिकवत. पहिल्या सत्रात लोळणे. दुसऱ्या सत्रात उड्या. तिसऱ्या सत्रात लोळता लोळता उडी, पण ती फक्त हुशार मुलांना. पूर्वी सशांची पिल्लं हे सगळं घरीच करत, कुणी न शिकवता. पण पूर्वी स्पर्धा नव्हती, असं सगळे म्हणत. कशाची स्पर्धा, ते कुणी विचारत नसे. विचारायला वेळच नव्हता, इतकी स्पर्धा होती.

शाळेत जागा सहा होत्या. अर्ज आले होते तीनशे. म्हणून मुख्याध्यापिका बगळेबाई स्वतः घरोघरी जाऊन पाहणी करत. अर्जात एक रकाना होता: ‘घरी हिरवळ आहे काय? असल्यास बारमाही आहे काय?’ केतकीने ‘होय’ आणि ‘होय’ असं लिहून टाकलं होतं. आणि बगळेबाई येणार होत्या ऐन वैशाखात.

खरं म्हणजे केतकीच्या दारात आधीपासूनच गवत होतं. साधी हरळी. उन्हाळ्यात करपायची, मेल्यासारखी पडून राहायची, आणि आभाळाने मनावर घेतलं की पुन्हा उठून बसायची. कणूने डोळे उघडले ते त्याच हरळीत. पण आपोआप उगवलेल्या गवतात पालकांचे कष्ट दिसत नाहीत. म्हणून केतकीने ती मुळासकट उपटली. हरळीच ती, सुखासुखी थोडीच निघते. पंधरा दिवस लागले. केतकीची नखं झिजली. मग तिने लांबच्या थंड डोंगरावरून मऊ, गर्द हिरवळीच्या गाद्या मागवल्या, दारात अंथरल्या आणि भोवती पांढरे दगड मांडले.

“कणू, दगडांच्या आत जायचं नाही हं,” ती म्हणाली.

“का?”

“अरे, तुझ्याचसाठी आहे ती.”

कणू एका दगडावर बसला आणि आपल्यासाठी असलेली हिरवळ बघत राहिला.

आता तुम्ही विचाराल, कणू खायचा काय? बाजारातलं गवत. कोपऱ्यावरची शेळी द्रोणातून धुतलेली, निवडलेली, हातखुडी देशी हरळी विकायची. केतकीला तिची चव ओळखीची वाटायची.

“कुठून आणतेस गं ही?” तिने एकदा विचारलं.

“काय सांगू ताई,” शेळी म्हणाली, “लोक उपटून उकिरड्यावर टाकतात. तिथे ती पुन्हा फुटते. मी खुडून आणते.”

काय एकेक लोक असतात, केतकीला वाटलं. तिने दोन द्रोण जास्त घेतले.

त्या वर्षीचा उन्हाळा चिकट होता. वर ढग, आत ऊन, आणि वारा कुठे गेला होता कुणास ठाऊक. सशांच्या कानांच्या आतून घाम यायचा. थंड डोंगरावरच्या हिरवळीने असलं काही जन्मात पाहिलं नव्हतं. ती पिवळी पडायला लागली.

केतकीने ‘जागरूक आया’ या गटात विचारलं. हा गट पोपट चालवायचे. एका झाडावरचा निरोप दुसऱ्या झाडावर न्यायचे आणि शेवटी म्हणायचे, “आलं तसं पुढे पाठवत आहे.”

पहिला पोपट आला. “हिरवळीला संध्याकाळी पाणी द्या. आलं तसं पुढे पाठवत आहे.”

दुसरा आला. “संध्याकाळी चुकूनही पाणी देऊ नका. आलं तसं पुढे पाठवत आहे.”

तिसरा म्हणाला, “माझ्या नणंदेने ताक शिंपडलं.”

चौथ्याने चोचीत गुलाब धरून नुसतं सुप्रभात म्हटलं.

केतकीने सकाळी पाणी घातलं, दुपारी घातलं, संध्याकाळीही घातलं. ताक शिंपडलं. चौथ्या पोपटाला उलट सुप्रभातही म्हटलं. काय सांगावं, नेमकं त्यातच काही असायचं.

मुलांनो, हसू नका. ती वेडी नव्हती. ज्याला काही माहीत नसतं त्याला सगळंच करून बघावं लागतं. मीसुद्धा ताक शिंपडलं असतं.

शेवटी तिने तज्ज्ञांना बोलावलं. सरडेसर आले. कुंपणाच्या दगडावर बसले आणि बसल्या बसल्या हिरवे झाले.

“फार वाढू दिलीत,” सर म्हणाले. “अगदी जमिनीलगत कापा.”

केतकीने दातांनी कापली. दोन दिवसांत उन्हाने मुळं भाजली. सर पुन्हा आले, या वेळी जरा पिवळट.

“इतकी खाली कापायला कुणी सांगितलं?”

“तुम्हीच, सर.”

“ते मागच्या आठवड्याचं शास्त्र. आता वटवाघळांचं खत घाला. सढळ हाताने.”

केतकीने भर दुपारी खत घातलं. जिथे जिथे पडलं तिथे तिथे हिरवळ करपली. आपण कमीच घातलं असणार, असं तिला वाटलं. तिला नेहमी असंच वाटायचं.

शेजारी साळूमावशी राहायची. साळिंदर होती ती. तिच्या दारात हरळी वाळून तपकिरी झाली होती आणि तिची तिन्ही पोरं त्यात लोळून धुळीने माखली होती. मावशी बिळाच्या तोंडाशी पाय पसरून बसायची.

“केतके, गवत आहे गं ते,” मावशी म्हणाली. “उन्हाळ्यात झोपतं. झोपू दे की.”

“मावशी, तुमच्या वेळचं वेगळं होतं.”

“होतं खरं. आमच्या वेळी ससे गवत खायचे.”

केतकीला राग आला. पण बिळात गेल्यावर तिने कणूला निरखून पाहिलं. पोरगा बारीक झालाय का? की आपल्यालाच तसं वाटतंय? त्याचे मागचे पाय जरा मऊच लागत होते हाताला. हे शाळेत जाईल तेव्हा सुधारेल, तिने स्वतःला सांगितलं. तिथे दुसऱ्या सत्रात उड्याच आहेत.

त्या संध्याकाळी फारच उकडत होतं. केतकी पळसाच्या पानाने हिरवळीला वारा घालत होती.

बिळातून कणूच्या बाबांनी हाक मारली. “अगं, कणू घामाने भिजलाय. ते पान जरा इकडे आण.”

“आले आले. हा एवढा कोपरा झाला की.”

कोपरा होईपर्यंत कणू झोपून गेला होता.

असं बघू नका मुलांनो. ती वाईट आई नव्हती. वाईट आया रात्री झोपतात.

आणि मग एका सकाळी हिरवळीवर कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं काहीतरी पसरलेलं दिसलं. त्याच्याखाली भाकरीएवढे गोल गोल तपकिरी डाग.

साळूमावशीने लांबूनच पाहिलं. “बुरशी आहे ती. रोज तिन्हीसांजेला न्हाऊ घालतेस, रात्रभर ओली राहते बिचारी. या दमटात दुसरं काय होणार? सकाळी एकदाच भरपूर पाणी दे आणि सोड तिला.”

“सोडू कशी मावशी? चार दिवसांवर बाई आल्यात.”

“मग बाईंना सोड.”

प्रत्येक डाग दुसऱ्या दिवशी आणखी एका भाकरीएवढा वाढला. तिसऱ्या दिवशी डागांच्या मध्ये हिरवं शोधावं लागलं. सरडेसर आले तेव्हा पुरते तपकिरी झाले होते.

“आता एकच उपाय,” ते म्हणाले. “रंग.”

मग काय, शेवग्याचा पाला आला, डिंक आला. केतकी आणि कणूचे बाबा पाला कुटायला बसले.

“मी कुटू?” कणूने विचारलं.

“तू तुझ्या दगडावर बस, सोन्या. हे सगळं तुझ्यासाठीच चाललंय.”

कणू दगडावर जाऊन बसला. थोड्या वेळाने तो म्हणाला, “आई, इथे एक आलंय.”

दगडाच्या खालून हरळीची एक काडी वर आली होती. बोटभर. खरीखुरी हिरवी.

“अगं बाई, अजून राहिलीच आहे का ही? नंतर काढते,” केतकी म्हणाली आणि शेपटीने रंग फासायला लागली.

पाहणीच्या दिवशी सकाळी बगळेबाई आल्या. पांढऱ्या स्वच्छ. दारात आल्या आणि एका पायावर उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे बघून सगळ्यांनाच आपण मळके आहोत असं वाटायचं. दमट हवेत डिंकाचा रंग काही सुकला नव्हता. केतकीचं काळीज कानांत धडधडत होतं, आणि सशाचे कान म्हणजे किती लांब, तुम्हाला माहीत आहेच.

“छान राखली आहे,” बगळेबाई म्हणाल्या. “मुलाला सोडा बघू. हिरवळीवर कसा वागतो ते बघायचंय.”

“जा कणू,” केतकी म्हणाली. “बागड हं बाळा.”

कणू दगडाशी उभा राहिला. आईकडे बघितलं. दगडाकडे बघितलं.

“पाय धुतले नाहीत,” तो म्हणाला.

कणूच्या बाबांनी डोळे मिटून घेतले. बगळेबाईंनी काहीतरी लिहून घेतलं.

“बाळ, हे काय आहे?” त्यांनी हिरवळीकडे चोच केली.

“लॉन.”

“आणि गवत म्हणजे काय?”

“द्रोणातून येतं ते.”

बगळेबाई खाली वाकल्या. हिरवळीच्या एका पात्याला चोच लावली. वर आल्या तेव्हा चोच हिरवीगार झाली होती.

आता संपलं. केतकीच्या मनात त्या एका क्षणात सगळं येऊन गेलं. कणू शाळेशिवाय मोठा होईल. साळूमावशीच्या पोरांबरोबर धुळीत लोळेल. कुणी विचारलं, काय करतो तुमचा मुलगा, तर ती काय सांगणार?

बगळेबाईंनी पंखाने चोच पुसली. इकडे तिकडे पाहिलं. आवाज खाली आणला.

“कोण देतं हो तुमच्याकडे रंग?”

“अं?”

“आमच्या शाळेचं मैदान माकडं रंगवतात. आठ दिवसांत पोपडे निघतात. हा बरा बसलाय. नाव देऊन ठेवा.”

“मग... कणूचा प्रवेश?”

“झालाच म्हणा. इतका शिस्तीचा मुलगा मी यंदा पाहिला नाही. नाहीतर मघाशी एका घरी गेले, तर पोरं आधीच उड्या मारत होती. अशांना आम्ही काय शिकवायचं?” त्या निघाल्या आणि कुंपणाशी थबकल्या. “तेवढं एक बघा. इथे एक काडी उगवली आहे.”

“चुकून राहिली बाई,” केतकी म्हणाली आणि हरळीची काडी मुळासकट उपटून टाकली.

पोपटांनी ही बातमी साऱ्या जंगलाला कळवली. सरडेसर गुलाबी झाले.

तात्पर्य: जे आपोआप उगवतं, ते आधी मुळासकट उपटून टाकावं. त्याशिवाय ते नीट शिकवता येत नाही.

हे तात्पर्य केतकीला अगदी पटलं. कित्येक दिवसांनी तिच्या जिवाला जरा स्वस्थ वाटलं. आता कसली भीती? तिने कुंपणातला एक पांढरा दगड स्वतःच्या हाताने बाजूला केला.

“ये कणू,” ती म्हणाली. “आज कुणी काही बोलणार नाही. मार उडी.”

कणू मोकळ्या जागेपाशी आला. बराच वेळ त्याने आपल्या चारही पायांकडे आळीपाळीने पाहिलं.

“आई,” त्याने विचारलं, “आधी कुठला उचलायचा?”