खुर्चीत बसेल त्याचे समुपदेशन

गर्भनिरोधनाचे साधन निवडणे हा सर्वस्वी स्त्रीचा निर्णय असतो. म्हणूनच तो घेताना तिच्यासोबत किमान तीन माणसे असावी लागतात. नवरा, कारण त्याची गैरसोय होता कामा नये. सासू, कारण तिला अनुभव असतो. (अनुभव म्हणजे पाच मुले. एकही ठरवून झालेले नाही.) तिसरे माणूस कोणीही चालते; मत असले की पुरे.

दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी ही व्यवस्था कधी मोडली नाही. त्यांनी खोलीत फक्त एकच खुर्ची ठेवली आणि खुर्चीत बसेल त्याचे समुपदेशन करायचे, असा नियम केला.

त्या दुपारी त्यांची लेक आईचा दुरुस्त झालेला चष्मा घेऊन आली, तेव्हा खुर्चीत एक नवरा बसला होता. मागे त्याची बायको, तिच्या कडेवर तान्हे बाळ, आणि बाळाची आजी. लेक भिंतीला टेकून उभी राहिली.

“गोळ्या दिल्या होत्या ना मी?” बाईंनी विचारले.

“घेतल्या की. अगदी नेमानं,” नवरा म्हणाला. “एक दिवस हिनं, एक दिवस मी. सगळं बाईमाणसाच्याच माथी मारणं बरं नाही.”

इतकी समानता पाळणारे कुटुंब विरळाच. बाळ हे त्या समानतेचेच फळ होते आणि ते अंगठा चोखत होते.

“उत्तम. म्हणजे जबाबदारी तुम्ही घ्यायला तयार आहात,” बाई म्हणाल्या. “काही विशेष नाही. छोटीशी चीर द्यायची, दोन्हीकडच्या नळ्या बांधायच्या, तासाभरात घरी…”

नवरा चटका बसल्यासारखा उठला. “आई, तू बस. तुझे गुडघे दुखतात.”

आजी बसल्या. बाईंनी त्याच आवाजात विचारले, “शेवटची पाळी कधी आली होती?”

“अगंबाई! जनाची नाही तर मनाची तरी!” म्हणत आजीही उठल्या.

अशा रीतीने, कुणालाही बाहेर न काढता, खुर्ची योग्य व्यक्तीला मिळाली. “तुला काय हवंय गं?” बाईंनी विचारले.

सुनेने बाळ नवऱ्याच्या हातात दिले. “इंजेक्शन. घरात काही ठेवायला नको, नि कुणी वाटून घ्यायला नको.”

मंडळी गेल्यावर आईने चष्मा चढवला आणि लेकीला न्याहाळले.

“आता तुझं कधी?”

“बघू.”

“बघ, बघ. बघता बघता माझे डोळे मिटतील.”

हा संवाद लेकीच्या लग्नापासून नियमित होत असे आणि दोघींना तोंडपाठ होता. वास्तविक लेकीने काही वर्षांपूर्वीच शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तांबी बसवून घेतली होती. (नवऱ्याला विचारून. तो बाहेर बसून जुनी मासिके चाळत होता.) तिला मूल नको, याचे तिथे कुणालाच नवल वाटले नाही, कारण ती तिथल्या कुणाची मुलगी नव्हती. आईच्या दवाखान्यात साधन फुकट, सल्ला फुकट आणि गुप्ततेची पक्की हमी. फक्त ती गुप्तता आईपासून पाळण्याची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई दात घासता घासता गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय.

भेटायला आलेल्या माणसांनी दुःख फार शिस्तीत व्यक्त केले. पहिले वाक्य ‘परवापर्यंत तर चांगल्या होत्या’. दुसरे ‘हाल नाही झाले, तेवढंच बरं’. तिसरे लेकीच्या पोटाकडे बघून.

“एकच इच्छा राहिली बिचारीची,” मावशी म्हणाली.

“राहिली कशी? तुझ्याच पोटी परत येणार बघ ती,” मामांनी कळवले.

मावशीने मुदत घालून दिली: वर्षाच्या आत. शेजारच्या काकूंना नावही सुचले. “जावईबापू, आता मनावर घ्या,” असे जावयाला सांगण्यात आले आणि जावयाने चहाच्या कपात बघितले. आईला जाऊन आठवडा झाला नव्हता, तोवर तिच्या पुनरागमनाचे सगळे नक्की झाले होते. राहिली होती ती केवळ अंमलबजावणी. त्याबाबत लेकीला कुणी विचारले नाही. (विचारण्यासारखे त्यात काय होते?)

लेक उठली. पलंगावर आईचे पांघरूण त्या सकाळी होते तसेच विस्कटलेले होते. त्याच्याकडे बघून ती बोलली, इतक्या मोठ्यांदा की मामांच्या हातातले बिस्कीट मोडून चहात पडले.

“आई, मला मूल नकोय. कधीच नको होतं. तांबी बसवलीय मी. तू परक्या बायकांना दिवसभर ‘काय हवंय’ विचारायचीस, आणि मला मात्र ‘कधी’. एकदा मलाही ‘काय’ विचारलं असतंस, तर तुझ्याकडेच आले असते गं.”

काकूंनी डोळ्यांना रुमाल लावला. मामांनी मान खाली घातली. इतक्या खरेपणाने बोलणाऱ्या मुलीविषयी सर्वांना भरून आले. तुम्हालाही आलेच असेल. मग मावशीने नाक पुसले, लेकीला जवळ घेतले, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तुम्ही मघापासून सभ्यपणे दाबून ठेवलेला प्रश्न अत्यंत मायेने विचारला:

“ती काढता येते ना गं?”