करवतीच्या छपराखाली

आमच्या सांगलीतल्या गल्लीत सगळ्यांच्या घरांवर छप्पर होतं. दत्तोबा जाधवांच्या घरावर करवत होती. दोन खोल्यांवर पत्र्याचे तीन मोठे दात, आणि प्रत्येक दाताच्या उभ्या बाजूला काच. सगळ्या काचा उत्तरेला. ऊन आत यायचं नाव नाही.

"ऊन पडलं की सूत तुटतंय, गुरुजी," ते मला समजावत. घरात सूत म्हणजे सदऱ्याच्या गुंडीला होतं तेवढंच.

साहेबाच्या काळातल्या सूतगिरणीत दत्तोबांनी तीस वर्षं छपराची डागडुजी केली. लोक निवृत्त होताना घड्याळ घेऊन येतात. हे अख्खं छप्पर डोक्यात घेऊन आले. घरी पाहुणा आला की चहाआधी त्याला गिरणीत नेत. काळ्या दगडाच्या भिंती, आभाळात घुसलेलं धुराडं, हे त्यांना किरकोळ. थेट आत शिरून बिडाच्या खांबावर टिचकी मारत. "पोकळ हाय. वरच्या पन्हळीतलं पावसाचं पानी ह्याच्या पोटातनं खाली जातंय. लय डोकं साहेबाचं." पाहुणा खांबाला कान लावून उभा. माझे सासरेही उभे राहिले होते, भर उन्हाळ्यात.

सूत नरम राहावं म्हणून गिरणीत जमीन ओली ठेवत. म्हणून घरातही. बाहत्तरच्या दुष्काळात आम्ही घागर घेऊन रांगेत, आणि दत्तोबा फरशीवर तांब्याने पाणी शिंपडताहेत. त्यांची बायको पारूबाई म्हणायची, "आवं, माणसं ऱ्हात्यात हितं. सुताच्या चात्या न्हाईत."

पारूबाईनंही गिरणीत वीस वर्षं कापसाची भुकटी गिळली होती. पुढे तिचा खोकला थांबेना. डॉक्टर आले, ओल्या फरशीकडे आणि वरच्या काचांकडे बघत राहिले. "बाईंना ऊन हवं, कोरडी हवा हवी," एवढंच बोलले. मग मला अंगणात नेऊन कुजबुजले, "तसा उशीर झालाय. महिनाभर काढतील. यजमानांना सांगू नका." दत्तोबा दहा हातांवर उंबऱ्यात उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते छपरावर. दक्षिणेकडचे पत्रे स्वतःच्या हातांनी उचकटत होते. मी शिडी धरली. प्रत्येक पत्रा खाली देण्याआधी ते धोतराच्या सोग्याने पुसत. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "ऊन मिळालं की बऱ्या होतील."

"गुरुजी, गिरणीच्या आवाजात काय ऐकू येतंय? आमी ओठ बघूनच बोलायचो," ते म्हणाले. "म्हैना म्हनला डॉक्टर. दिसलं मला."

मी खाली आलेला पत्रा भिंतीला टेकवून ठेवला.

"तिला सांगू नगा," ते म्हणाले, आणि पुढचा पत्रा पुसायला घेतला.

खाटेवर ऊन आलं. पारूबाईनं डोळ्यांवर हात धरला, पण हात फार वेळ टिकेना. दत्तोबा खाली उतरले आणि उन्हाकडे पाठ करून उभे राहिले, त्यांची सावली नेमकी तिच्या डोळ्यांवर पडेल असे. ऊन सरकलं की तेही बोटभर सरकत.

"बसा की आता," ती म्हणाली.

"हितंच बरं हाय," दत्तोबा म्हणाले.