डोंगरनाथ आणि तळेश्वर यांच्या कौलाची हकीकत

श्री उभय देव साक्ष असोत, आणि नसतील तर लिहिणारास क्षमा असो. शके पंधराशे नव्वद, कीलकनाम संवत्सरे, फाल्गुन शुद्ध पंचमीस एका राज्यात जे वर्तले ते येणेप्रमाणे. त्या राज्यात सर्वसमर्थ देव दोन होते. डोंगरावर डोंगरनाथ आणि तळ्याकाठी तळेश्वर. दोघांसही सर्व काही करिता येते, ऐसे दोन्ही देवळांच्या दारी कोरिले होते, आणि प्रजा दोघांसही सारखीच भीत होती. डोंगरनाथाचा गुरव रवळोबा आणि तळेश्वराचा गुरव धाकोजी हे एकमेकांचे व्याही. रवळोबाची लेक भागू धाकोजीच्या घरी दिली होती. गुन्ह्याचा निवाडा करणे तर दोन्ही देवांस कौल लावावा, ऐसी त्या राज्याची चाल. देवाच्या छातीवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवाव्या. उजवी आधी पडली तर माणूस निर्दोष, डावी पडली तर कडेलोट. आणि चाळीस वर्षांत दोन्ही देवांचा कौल एकदाही वेगळा पडिला नाही. त्याचे इंगित इतकेच की, कौलाच्या सकाळी डोंगरनाथाकडून तळेश्वरास नैवेद्याचे ताट जात असे, आणि ताटातल्या केळीच्या पानाखाली एक सुपारी असे, उजवीकडे नाहीतर डावीकडे. मग धाकोजी त्या बाजूच्या पाकळीस पाणी कमी लावी आणि ती आधी पडे. रवळोबा यास लबाडी म्हणत नसे. दोन थोरांत भांडण नको म्हणून आपण मध्ये राबतो, ऐसे तो मनास समजावी, आणि मनही मोठे सोयीचे, ते लागलेच समजत असे.

रवळोबाचा एकुलता लेक सटवाजी, वय तिशीचे, जिभेला हाड नाही. पंचमीच्या आदले दिवशी गडावर महाराजांच्या दरबारी शास्त्रीबोवा दोन्ही देवांचे माहात्म्य सांगत होते, आणि महाराज डुलत होते, आणि महाराज डुलतात म्हणून दरबार डुलत होता, तो सटवाजी मधेच उठोन म्हणाला, "शास्त्रीबोवा, एका देवाने धोंडा उचलला आन् दुसऱ्याने तोच दाबून धरला, तर धोंडा जाईल कुठं? जाईल तिकडं एक देव हरला. आन् हरला तो सर्वसमर्थ कसला?" शास्त्रीबोवा हसोन बोलिले, "मूर्खा, दोघांची इच्छाच एक आहे. दाबील कोण? चाळीस वर्षांचे कौल पाहा." तेव्हा सटवाजी म्हणाला, "मग दोन्ही गुरवांना एक दिवस वेगळं कोंडा, आन् लावा कौल." सुपारीचे त्यास पक्के ठाऊक होते, पण बापाचे नाव त्याने घेतले नाही, हे ध्यानी ठेवावे. महाराज क्रोधायमान होवोन फर्माविते जाहले की, ही देवनिंदा; कौल उदईक याच्याच जिवावर लावावा, आणि गुरव वेगळे कोंडावे, आणि कौल वेगळे पडिले तर गुरव खोटे, दोघांचीही घरे बायकापोरांसुद्धा कड्यावरून लोटावी.

मग पंचमीस पहाटेपासोन दोन्ही देवळांस पहारे बसिले आणि नैवेद्याचे ताट बंद जाहले. रवळोबा गाभाऱ्यात एकटा, हातात दोन पाकळ्या, पुढे डोंगरनाथ. चाळीस वर्षांत प्रथमच त्याने देवास खरोखर विचारिले, "देवा, काय करू?" देव दगडाचा, तो दगडासारखाच राहिला. मग रवळोबा हिशेब करू लागला. महाराजांस सटवाजी मेलेला पाहिजे, हे राज्यात पोरासोरांसही कळते. धाकोजी पहिल्यापासोन भित्रा. तो डावाच देणार. आणि त्याने डावा देवोन आपण उजवा दिला तर कौल वेगळे, आणि सटवाजीसंगे भागू मरेल, आणि तिचे तान्हे मरेल, आणि दोन्ही घरांचा दिवा विझेल. लेक तर गेलाच, लेकीस तरी राखावी. ऐसा विचार करोन तो रडला, आणि रडत रडत त्याने उजव्या पाकळीस भरपूर पाणी लाविले, आणि डावी जवळ जवळ कोरडी ठेविली. ती पडली. आणि तळ्याकाठी धाकोजी, तोच भित्रा धाकोजी, मनाशी म्हणाला, रवळोबा बाप आहे, तो उजवाच देणार; आणि त्याने उजवा दिला. बापाने बापासारिखे केले असते तर सटवाजी वाचता, आणि कोणाच्याही घरास धक्का न लागता.

दोन्ही कौल दरबारी आले आणि महाराज गोंधळले. तेव्हा शास्त्रीबोवा कानाशी लागोन बोलिले, "दोन्ही गुरव खोटे ठरविले तर चाळीस वर्षांचे कडेलोट खोटे, आणि ते तर सरकारांच्याच हुकुमाने झाले. त्यापेक्षा एक देव खोटा म्हणावा." महाराज पुसते जाहले, "कोणता?" शास्त्री म्हणाले, "ज्याचा कौल सरकार अमलात आणतील तो खरा." मग महाराजांनी तिसरे प्रहरी सटवाजीस लोटिले. लोटण्याआधी त्याने एकवार बापाकडे पाहिले. मग तळेश्वराचे देऊळ पाडिले, आणि धाकोजीचे घर सरहद्दीपार घालविले, आणि कडेलोट केला नाही ही महाराजांची दया म्हणोन नगारे वाजले. रवळोबास मानाची पालखी दिली. ती वेशीपाशी आली तो धाकोजीचे बिऱ्हाड समोर. भागूने पदर ओढोन तान्ह्याचे तोंड झाकिले आणि बापाकडे न पाहता पुढे गेली. धाकोजी थांबला आणि म्हणाला, "व्याही, मी तुमच्यातल्या बापाला धरून उजवा दिला. तुम्ही कुणाला धरून डावा दिलात?" पुढे रवळोबा अकरा वर्षे जगला, आणि रोज सकाळी नैवेद्याचे ताट मांडी, आणि पानाखाली सुपारी ठेवी, उजवीकडे. आणि ताट न्यावयास देऊळ नाही म्हणोन ते तेथेच वाळोन जाई.

येणेप्रमाणे त्या राज्यात सर्वसमर्थ एकच उरला. तो गडावर राहतो, आणि त्यास कौल लावावा लागत नाही. हकीकत संपली.