वधूपित्यांची सायकल

नदीकाठचा जुना रस्ता मोटारींना बंद करून फक्त सायकलींसाठी खुला केल्याची बातमी लेकीने सकाळच्या चहाला मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा वधूपित्यांच्या हातातलं बिस्किट चहात पडलं आणि तळाशी जाऊन बसलं.

"बाबा, तुमचाच रस्ता!" लेक म्हणाली. "सपाट, एक वाहन नाही, शेजारी नदी. तुम्ही नेहमी म्हणता ना, अगदी तस्सा."

म्हणत होते खरे. कॉलेजात असताना आपण सायकलच्या शर्यती गाजवल्या, पायांत अजून दम आहे, पण या शहरात माणसाने सायकल चालवायची कुठे? एक तर चढ, त्यात ही वाहनं! "मला एक सपाट रस्ता द्या, वाहन नसलेला, बाजूने नदी वाहतेय, मग बघा!" हे वाक्य ते घरीदारी, कचेरीत, आल्यागेल्याला ऐकवत आले होते. असा रस्ता आपल्या हयातीत होणार नाही याची खात्री असल्याशिवाय कुणी इतक्या जोरात बोलत नाही. वधूपित्यांना सायकल येत नव्हती. थोडीफार नव्हे, अजिबात येत नव्हती.

ते नोकरीला होते विमा कंपनीत, दावे फेटाळायच्या खात्यात. कारण शोधण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. एखाद्याचं छप्पर उडालं, तर आधी वारा आला की आधी छप्पर गेलं, असं विचारून ते समोरच्याला रडकुंडीला आणत. पण स्वतःपुरती चढ आणि वाहनं ही दोन कारणं त्यांनी इतकी वर्षं पुरवून पुरवून वापरली, की तिसरं शोधून ठेवायचं राहूनच गेलं.

गोष्ट नुसत्या फजितीची असती तर त्यांनी ती पचवली असती. पण लेकीला सायकल त्यांनीच शिकवली होती. सीट धरून मागे धावत, "मागे बघू नकोस, पायडल मार" असं ओरडत. आपल्याला शिकवणारा माणूस चॅम्पियन आहे, या भरवशावर ती पोर पडायला घाबरली नाही. आता तिचं लग्न ठरलं होतं आणि सासरी तिने पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं, "माझे बाबा शर्यती जिंकायचे." ते सांगताना तिचा चेहरा कसा फुलला होता, हे वधूपित्यांनी पाहिलं होतं. तो चेहरा उतरलेला त्यांना बघवला नसता.

"दोन्ही घरं मिळून रविवारी जाऊ," लेकीने जाहीर केलं. "तिकडचे सगळे तयार आहेत."

"माझं जरा ऑफिसचं..."

"रविवारी?" बायकोने विचारलं, आणि कप उचलता उचलता म्हणाली, "जाऊन या हो. पण जपून. रस्ता सपाट आहे."

रविवारी नदीकाठच्या रस्त्याच्या फाटकापाशी भाड्याच्या सायकली ओळीने उभ्या होत्या. व्याही दंतवैद्य होते. ते डोक्याला हेल्मेट, हातात मोजे, पाठीला पिशवी आणि घट्ट चकचकीत चड्डी अशा थाटात उतरले, तेव्हा वधूपिता एक पाऊल मागे सरकले. लेक आणि होणारे जावई बघता बघता पुढे गेले. मग विहीणबाई निघाल्या. आणि मग वधूपित्यांच्या बायकोने पदर खोचला, ती सायकलवर बसली आणि विहीणबाईंशी गप्पा मारत निघूनही गेली. इतक्या वर्षांच्या संसारात हिला सायकल येते हे त्यांना आज कळत होतं.

"चला व्याहीबुवा, व्हा पुढे," दंतवैद्य म्हणाले. "चॅम्पियनच्या पुढे आम्ही कसं जाणार?"

"छे छे, डॉक्टर. तुम्ही व्हा पुढे."

"असं कसं? मान तुमचा."

असं पुष्कळ वेळ चाललं. शेवटी वधूपित्यांना बांधाच्या कडेला एक दगडी बुरूज दिसला आणि बुडत्याला काडी सापडली.

"सायकल काय, रोजचीच आहे," ते म्हणाले. "पण इतिहास असा पायाशी असताना त्याच्यावरून सुसाट जायचं म्हणजे..."

"अगदी माझ्या मनातलं बोललात!" दंतवैद्य म्हणाले.

दोघे सायकली हाताने ढकलत बुरुजापाशी गेले. पाटीवर चार ओळी होत्या. वधूपित्यांनी त्या वाचल्या आणि चाळीसेक ओळी पदरच्या घातल्या. पुढे पडकी पाणचक्की लागली. तिथे त्यांनी गहू दळून दाखवायचा तेवढा बाकी ठेवला. मग आला पुराच्या खुणांचा खांब. कुठल्या पुरात पाणी कुठवर चढलं याच्या रेघा त्यावर कोरल्या होत्या.

"ही वरची रेघ बघा," वधूपिता म्हणाले. "सगळा गाव वाहून गेला असणार. पण डॉक्टर, माझ्याकडे दावा आला असता तर मी फेटाळला असता. नदीकाठी घर बांधलं म्हणजे पाण्याची पूर्वकल्पना होती."

दंतवैद्य मान डोलवत ऐकत होते. आयुष्यभर समोरच्याचं तोंड उघडं ठेवून स्वतः बोलणारा हा माणूस आज मूग गिळून कसा ऐकतो, याचं वधूपित्यांना नवल वाटायला हवं होतं. पण गरजवंताला अक्कल नसते.

खांबानंतर इतिहास संपला. दोन्हीकडे गवत, मध्ये फळीसारखा सरळ रस्ता, आणि पार टोकाला ठिपक्याएवढा जुना जकातनाका. एक गाढवसुद्धा आडवं येण्याची चिन्हं नव्हती.

"आता मात्र बसायला हवं," दंतवैद्य म्हणाले आणि पाणी प्यायला पाठमोरे झाले. वधूपित्यांनी तेवढ्यात वाकून पुढच्या चाकाची हवा सोडली.

"अरेरे! पंक्चर!"

"काय सांगता!" दंतवैद्यांचा चेहरा उजळला. त्यांनी पिशवी उघडली, तर आत पाने, पट्ट्या, सोल्युशन, पंप, सगळा दवाखाना! गवतात बैठक मारून त्यांनी ट्यूब बाहेर काढली आणि कीड शोधावी तशी इंच इंच तपासायला घेतली. भोक काही सापडेना. "कधी कधी दुखणं मुळाशी असतं. घाई करायची नाही," असं म्हणत त्यांनी ती परत पहिल्यापासून तपासली. शेवटी हवा भरून चाक टणक झालं, तसा वधूपित्यांचा चेहरा पडला. घाम पुसून ते वळतात तो काय, मागचं चाक जमिनीला टेकलेलं!

त्याला त्यांनी हातही लावला नव्हता. देव आहे, असं त्यांना त्या क्षणी मनापासून वाटलं.

मागचं चाक झालं, तर दंतवैद्यांच्या स्वतःच्या सायकलची चेन उतरलेली निघाली. ती बसवता बसवता काळे झालेले हात पुसत दोघे बसले होते, तेवढ्यात लांबून घंटी वाजली. लेक परत येत होती.

"बाबाऽ! तुम्हाला चालवताना बघायला आलेय!"

दोघेही दचकले. आपल्याबरोबर दुसराही दचकला, हे दोघांच्या एकदमच लक्षात आलं.

"व्याहीबुवा," दंतवैद्य हळूच म्हणाले, "एक सांगू? मागच्या चाकाची हवा मी सोडली."

"तुम्ही?"

"दोन्ही गुडघे गेलेत हो माझे. सायकल बंद करून वर्ष झालं. पण ही म्हणाली, मुलीचे वडील चॅम्पियन, आपण नाही म्हटलं तर ते बरं दिसणार नाही. ही चड्डीसुद्धा मुलाची आहे." जरा थांबून त्यांनी विचारलं, "पण मग पुढच्या चाकाचं काय झालं? भोक तर नव्हतं."

वधूपित्यांनी नदीकडे बघितलं. नदी काही मदतीला आली नाही. "ती मी सोडली."

"तुम्ही कशाला? तुम्ही तर..."

"मला येत नाही."

"काय येत नाही?"

"सायकल!"

दंतवैद्य हसायला लागले ते हेल्मेट नाकावर येईपर्यंत हसले. "अहो, म्हणजे तुमच्यासाठी आम्ही, आणि आमच्यासाठी तुम्ही?"

"हसताय काय? पोरीला कळू देऊ नका म्हणजे झालं!"

"कळलं," मागून लेक म्हणाली.

ती सायकल धरून उभी होती. जन्मभर लोकांच्या दाव्यांवर कारणं लिहिलेल्या माणसाला स्वतःच्या दाव्यावर एक कारण सुचेना.

"आणि शर्यती?" तिने विचारलं.

"बघायला जायचो."

"मग मला कसं शिकवलंत?"

"धावत," वधूपिता म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तुला यावी असं फार वाटायचं गं."

लेकीने त्यांच्या काळ्या झालेल्या हातांकडे बघितलं. तो क्षण त्यांना कुठल्याही चढापेक्षा जड गेला. मग तिने आपली सायकल गवतात आडवी केली, त्यांची उभी केली आणि सीट घट्ट धरली.

"बसा."

"अगं, या वयात? लोक बघतील."

"कोण बघतंय? एक वाहन नाही. चढ नाही. बसा म्हणते ना!"

ते बसले. सायकल डगमगली, ते डगमगले, दंतवैद्यांनी डोळे झाकून घेतले.

"मागे बघायचं नाही. पायडल मारा!"

"सोडू नकोस हं!"

"नाही सोडत."

हे "नाही सोडत" वधूपित्यांच्या ओळखीचं होतं. त्यांनीही ते एकदा असंच, याच आवाजात म्हटलं होतं, आणि दुसऱ्या क्षणी सोडलं होतं. पण ते आठवेपर्यंत फार उशीर झाला. तिच्या धावण्याचा आवाज मागे पडला, वारा कानात शिरला, गवत भराभर मागे पळायला लागलं. "येतंय!" ते ओरडले. "अगं, येतंय मला!" डोळ्यांत पाणी आलं, ते वाऱ्याने आलं असं ते पुढे सगळ्यांना सांगत राहिले.

मागून लेकीचा आणि लंगडत पळणाऱ्या दंतवैद्यांचा आवाज आला. "बाबा, बास! ब्रेक दाबा, ब्रेक!"

"कुठे असतो?"

लेकीला शिकवताना ते सदैव मागे होते. थांबायची वेळ आली की सीट धरून तेच थांबवत. ब्रेक हा विषय त्यांनी शिकवलाही नव्हता आणि शिकलाही नव्हता.

जकातनाक्याच्या पायरीवर दोन्ही विहिणी बसल्या होत्या. शर्टाचं शिड झालेले वधूपिता समोरून भर्रकन गेले, तशी त्यांची बायको ताडकन उभी राहिली.

"अगंबाई! ह्यांना येतेय!"

"म्हणजे?" विहीणबाई म्हणाल्या.

बायकोने जीभ चावली. "म्हणजे... इतक्या वर्षांनीही येतेय, असं म्हणत होते मी."

"चॅम्पियन ते चॅम्पियनच हो," विहीणबाई कौतुकाने म्हणाल्या. रस्त्यावरची आकृती लहान लहान होत चालली होती आणि तिचा एक हात मदतीसाठी हलत होता. विहीणबाईंनीही उलट हात हलवला. "पण थांबत का नाहीयेत ते?"

"थांबतील कसे?" बायको पुन्हा पायरीवर टेकली. "ना चढ, ना वाहन. ह्यांना कारण लागतं."