सम्राट झर्काणचं डोकं

“परग्रहावरचा सम्राट कसा असतो, ते पुढच्या महिन्यात अख्ख्या चाकणला दाखवतो!” कॅन्टीनमध्ये ज्योतीरामनं अशी गर्जना केली, की शेजारच्याच्या चहावर लाटा उठल्या!

ज्योतीराम मोटारीच्या कारखान्यात पेंट शॉपला, म्हणजे रंगकामाला. मूळचा औशाचा, वीस वर्षं थेरगावात. यंदा कंपनीच्या फॅमिली डेला नाटक होतं: वज्रसेनेचे सहा वीर पृथ्वी वाचवतात आणि सम्राट झर्काणला लोळवतात. झर्काण अर्थातच ज्योतीराम! वज्रसेनेची कॉमिक्स त्याला शाळेपासून तोंडपाठ. टीव्हीवरची मालिका मात्र त्याला मुळीच मंजूर नव्हती.

“मालिकेत झर्काणला दोनच हात! आणि एका बुक्कीत आडवा! कॉमिकमध्ये सहा जण तीन पानं बडवतात, तरी तो हलत नाही, राव!”

“काका, आपण मालिकेतलाच शेवट करतोय,” वज्रसेनेचा म्होरक्या झालेला असेंब्लीतला सूरज म्हणाला. “मी बुक्की मारली की पडायचं.”

“पडतो रे! पण डोकं आणि चार हात कॉमिकमधले!”

पंधरा दिवस खपून त्यानं फायबरचं डोकं केलं. पाण्याच्या पिंपाएवढं, कपाळावर तिसरा डोळा, वर मोटारीसारखा लखलखीत जांभळा रंग. रंग वाळेना, म्हणून तालमी डोक्याशिवायच झाल्या. फॅमिली डेच्या रविवारी कळलं, की गळ्याचं भोक अरुंद आहे. ज्योतीराम मागे हटतोय होय! कान दुमडून त्यानं डोकं आत घुसवलं. खट्!

आणि जग एकदम गप्प झालं. कान पार बंद! डोळ्यांची भोकंही वर सरकली, दिसेल ते अर्धवट.

सम्राट स्टेजवर आला, तसा मंडप थिजला. लेकरं आयांच्या पदरात शिरली. मोठे साहेब हातातला समोसा खायचा विसरले! सूरजनं ललकारी दिली, हवेत बुक्की हाणली. ज्योतीरामला ना ललकारी ऐकू आली, ना बुक्की दिसली. तो उभाच!

तेवढ्यात त्याला घाम फुटला. गळा आवळत होता. तो जिवाच्या आकांतानं ओरडला, “अडकलंय! ओढा!” पण फायबरमधून बाहेर आलं, “अघ्घर्घंय! ओग्घा!”

मंडपाच्या अंगावर काटा आला. “बाई गं, परग्रहाची भाषा!” सूत्रसंचालन करणारी एचआरची करिष्मा माइकवरच पुटपुटली.

“काका कॉमिकवर गेले!” सूरज ओरडला. “सगळे मिळून घ्या रे!”

सहाही वीर तुटून पडले. मदत आली, या आनंदात ज्योतीरामनं चारही हात हलवले. दोन खोटे हात दोऱ्यांनी खऱ्यांना बांधलेले. एकानं एका वीराचं नाक शेकलं, दुसऱ्यानं दुसऱ्याला थेट स्पीकरवर पाठवलं. टाळ्यांचा कडकडाट!

“थांबा रं मुडद्यांनो!”

पहिल्या रांगेतून सूरजची आजी उठली. निघोज्याच्या गवराबाई, वय ऐंशीच्या घरात. “त्याचं डोस्कं अडाकलंय! आमची म्हैस हंड्यात त्वांड घालून आशीच नाचत व्हती! त्याल आणा!”

गवराबाई काष्टा सावरत स्टेजवर चढल्या. कॅन्टीनमधून तेलाची बरणी आली. त्यांनी सम्राटाची मान वाकवली, गळ्यात तेल ओतलं, पाठ थोपटत “हो हो, व्हय बाळा, न्हाई भ्यायचं” म्हटलं आणि डोकं गरकन फिरवून उपसलं. प्वॉक!

आतून तेलानं थबथबलेला, लालेलाल कानांचा ज्योतीराम निघाला. हवा मिळताच त्यानं आधी म्हातारीचे पाय धरले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. सहा जणांना जे जमलं नाही, ते या एकटीनं दोन मिनिटांत केलं होतं!

करिष्मानं भारावून माइक पुढे केला. “आजी, आजच्या खऱ्या सुपरहिरो तुम्ही! काहीतरी बोला ना!”

“आता काय बोलायचं, बाई?” गवराबाई पदराला हात पुसत म्हणाल्या. “म्हशीच्या धारंची येळ झाली. मला रिक्षा बघून द्या.”

सहा वीर आणि एक सम्राट गेटकडे धावत सुटले. पण त्यांचा तो अवतार बघून एकही रिक्षा थांबेना!