वऱ्हांड्यातला पक्षकार

आमच्या निपाणीच्या जुन्या कोर्टात पुढची तारीख पडली की पक्षकार कपाळाला हात लावतात. केरबा आप्पा मात्र पोरगा पास झाल्यासारखे खूश व्हायचे. मी त्यांचा वकील. असा अशील वैऱ्यालाही मिळू नये.

दावा सख्ख्या थोरल्या बहिणीवर, अकोळच्या आक्कांवर. दोघांच्या शेतांमधल्या बांधावर एक चिंच आहे. ती कुणाची, एवढाच वाद. त्यापायी दोन्ही घरांचं जाणं-येणं, बोलणं-चालणं सगळं बंद. गाठ पडायची ती फक्त कोर्टात.

मी खटल्याचं काढलं की आप्पा इमारतीवर घसरायचे. "वकीलसाब, खांब बघितलासा काय?" हे त्यांचं पालुपद. दगड कुठला विचारलं, तर एका तारखेला गोकाकचा, पुढच्या तारखेला जोतिबाच्या डोंगरातला. इतिहास मात्र ठाम. पाया मुंबई राज्यात घातला, छप्पर म्हैसूर राज्यात चढलं. "इमारत हाय तितंच ऱ्हायली, राज्यच हिच्याखालनं निघून गेलं," म्हणायचे. दर्शनी भिंतीवर घड्याळासाठी गोल भोक सोडलंय. आप्पांच्या मते घड्याळ मुंबईनं मंजूर केलं, आणि म्हैसूरनं विचारलं, तुम्ही कोण सांगणार? तेव्हापासून तिथं पारवे नांदतात. खरं-खोटं त्या पारव्यांना ठाऊक.

तडजोडीचं नाव काढलं की त्यांना सिमेंटची जाळी आठवायची. जाळीतनं वारा कसा खेळतो हे दाखवायला मला हाताला धरून वऱ्हांड्यातल्या लांब बाकाशी न्यायचे. बाकाच्या एका टोकाला आक्का बसलेल्या असायच्या. आप्पा दुसरं टोक धरायचे. एकमेकांशी एक शब्द नाही. मात्र जाळीतनं आक्कांच्या तोंडावर ऊन आलं, की हा गृहस्थ उठून नेमकी तिथंच आपली छत्री उघडून वाळत ठेवायचा. भर एप्रिल महिन्यात! मला वाटायचं, म्हातारा चळला.

पुढं कोर्ट नव्या इमारतीत हलवायचं ठरलं आणि जज्जसाहेबांनी जुनी प्रकरणं सपाट्यानं निकालात काढली. चिंच आप्पांना मिळाली. अभिनंदन करायला हात पुढं केला, तर आप्पांचं तोंड उतरलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ऑफिसात हजर. अपील करायचं म्हणाले. जिंकलेल्या माणसाला अपील करता येत नाही, हे मी परोपरीनं सांगितलं. त्यावर खुर्ची पुढं ओढून हळूच म्हणाले, "मग आक्काला करायला सांगा की. फी मी देतो. वरच्या कोर्टाला वऱ्हांडा हाय न्हवं?"

माझं डोकंच सटकलं. एवढा जीव आहे तर सरळ अकोळला जाऊन तिच्या सोप्यात बसा की, म्हटलं.

"घरात गेलं की बोलाय लागतंय, वकीलसाब. कोर्टात नुसतं बसलं तरी चालतंय." आप्पा खाली बघत होते. "माझं चुकलं, एवढं म्हणाय मला जमंना. आणि ती तर आता लई थकलीया."

मी वकिली गुंडाळली, त्यांना मोटारसायकलवर मागं बसवलं आणि थेट अकोळ गाठलं.

आक्का ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन दारातच उभ्या होत्या. आप्पांचे डोळे वाहायला लागले.

"रडतोस कशाला रं?" आक्का म्हणाल्या. "मी अपिलाला वकील बघायलाच निघालते. आता आलास, तर जेवून जा."